लटकत्या चाकाचं माप

त्याला आम्ही दुकानात ‘खात्री’ म्हणायचो. अर्थात तो पायरी उतरून गेल्यावर. समोर असताना ‘साहेब’. काउंटरवर काहीही ठेवा, अगदी चार बोल्ट ठेवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “खात्री काय?” आणि तुम्ही खात्री दिलीत की दुसरा प्रश्न, “एवढ्या लगेच कशी काय दिलीत?”

माझं दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं. त्यातही पाटे, बुश आणि शॉकअप, म्हणजे गाडीला दचके बसू नयेत म्हणून जे जे लागतं ते. दुकान वडिलांनी काढलं. आता ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून भिंग लावून पेपर वाचतात आणि मी गिऱ्हाइकाशी काय बोलतो ते ऐकतात. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, अगदी याच मालाचं दुसरं दुकान आहे. त्याच्या मालकाला आमच्या घरात नाव नाही. तो ‘समोरचा’. मी सकाळी शटर वर करतो ते आधी त्याचं वर गेलंय का हे बघत. तेव्हा संशय काय असतो हे मला खात्रीने येऊन शिकवायची गरज नव्हती.

पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पन्नाशी उलटलेला, अंगाने काटकुळा, शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिन लावलेली. पेपर उलगडला. आत तुटका शॉकअप. खालची कडी उखडलेली, तेल गळून गेलेलं.

“असाच पाहिजे?” मी विचारलं.

“असाच पाहिजे असता तर हा तुटला कशाला असता?” तो म्हणाला.

मग थोडं थोडं करून कळलं. थोडं थोडं, कारण तो एक गोष्ट सांगून थांबायचा आणि त्या माहितीचं मी काय करतोय ते बघायचा. गाडी पिकअप. चार बोटं उचलून घेतलेली. ज्या गॅरेजवाल्याने पाटे बदलून, ठोकळे घालून ती उंच केली, त्याने तेव्हाच बजावलं होतं की गाडी वर गेली, आता जुने शॉकअप आखूड पडणार, तेही बदला. यावर याने काय करावं? पुढचे दोन महिने जुन्याच शॉकअपवर गाडी हाकली.

“आज म्हणतो शॉकअप बदला. उद्या म्हणेल चेसिस बदला. परवा म्हणेल मालक बदला.”

“पण तो खरंच सांगत होता,” मी म्हणालो.

“तुम्ही ओळखता त्याला?” याचे डोळे बारीक झाले. “कमिशन असतं का तुमचं?”

गॅरेजवाल्याला मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पण त्या क्षणापासून आम्ही दोघं एकाच टोळीत जमा झालो. मी तरी शांतपणे समजावलं. उंच केलेल्या गाडीला शॉकअप निवडायचा तर तीन मापं लागतात. चाक लटकत असतानाचं, गाडी जमिनीवर उभी असतानाचं, आणि चाक दाबून वर, चेसिसखाली धक्का झेलायला बसवलेल्या रबरी ठोकळ्याला टेकवल्यावरचं. शॉकअप आखूड पडला तर खड्ड्यात चाक खाली जाताना ताणून तुटतो. लांब झाला तर चाक वर येताना त्या रबरी ठोकळ्याच्या आधी शॉकअपच मिटून संपतो, आणि मग लोखंडावर लोखंड. म्हणून आधी तिन्ही मापं, मग खरेदी. गाडी दुकानासमोर आणा, मी स्वतः घेतो, वर पैसे नाहीत.

त्याने खिशाची पिन काढली, डायरी बाहेर घेतली आणि मी बोललो ते लिहून घेतलं. ‘वर पैसे नाहीत’ याच्याखाली रेघ मारली. पिन पुन्हा लावली. आणि रस्ता ओलांडून थेट समोरच्याकडे गेला.

आता सांगा, मला काय वाटेल? समोरच्याने माझा माल, माझे शब्द चोरायला माणूस धाडला असं वाटलं. चार दिवसांनी खात्री परत आला, तर मी त्याच्याकडे तशाच नजरेने बघितलं. त्याने माझा टेप मागून घेतला, स्वतःच्या खिशातून दुसरा काढला आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी पसरले.

“सारखेच निघाले,” तो म्हणाला. आवाजात चक्क निराशा.

तिसऱ्या खेपेला बायको बरोबर होती. खात्रीला गोदामात जाऊन खोकी उलटीपालटी करून बघायची होती, म्हणून ती बाहेरच्या बाकावर टेकली. बाई गोल चेहऱ्याची, कमी बोलणारी, पण एकदा बोलायला लागली की हसत हसत बोलणारी. तिच्याकडून मला पहिल्यांदा या माणसाची सगळी जन्मकथा कळली.

खात्री बावीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होता. ट्रक आधी भरलेला तोलायचा, माल उतरवला की रिकामा तोलायचा. रोज शंभर गाड्या, आणि त्यातल्या निम्म्या त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला आलेल्या. भरलेला ट्रक तोलताना केबिनमध्ये तीन माणसं, रिकामा तोलताना तिघंही पानाच्या टपरीवर. कुणी वाळू भिजवून आणायचा. कुणाची स्टेपनी जाताना गाडीत असायची आणि येताना झाडामागे. एका बहाद्दराने तर पाण्याची पिंपं मालाखाली ठेवली होती. बावीस वर्षं हेच बघितल्यावर माणूस ताक फुंकून पिणार नाही तर काय करणार? मग काट्यावर मशीन आलं आणि कारकुनाला घरी पाठवलं. त्यालाही तो अजून कुणाचा तरी डाव म्हणतो.

त्याच सुमारास बाईच्या वडिलांनी त्यांच्या मधमाश्यांच्या बारा पेट्या लेकीच्या हवाली केल्या. “मुलगा नाही म्हणून नव्हे हं,” ती म्हणाली, “दोन भाऊ आहेत मला. पण माश्या माझंच ऐकतात असं बाबांचं म्हणणं.” बाराच्या तिने चाळीस केल्या. पेट्या फुलोऱ्यापाठोपाठ एका बागेतून दुसऱ्या बागेत हलवाव्या लागतात, त्यासाठी पिकअप घेतली, आणि काट्यावरचा कारकून झाला बायकोचा ड्रायव्हर.

“सुरुवातीला यांचा माश्यांवरसुद्धा भरवसा नव्हता,” ती म्हणाली. “एका माशीच्या पाठीवर पीठ टाकलं आणि घड्याळ घेऊन बसले पेटीसमोर. किती वेळात परत येते बघायला. अर्ध्या तासाने आली तर मला म्हणतात, एवढा वेळ गेली कुठे होती?”

मी हसलो. वडील पेपरमागून हसले. मग तिने हसू आवरलं आणि गाडी उंच का केली ते सांगितलं. वर्षातला मोठा फुलोरा एका बागेचा असतो, तीन आठवडे. वर्षभराचा मध तिथलाच. पण बागेच्या अलीकडे दगडगोट्यांनी भरलेलं ओढ्याचं पात्र आहे. मागच्या वर्षी गाडीचं पोट तिथे टेकलं, सायलेन्सर तुटला आणि पेट्या पाच दिवस उशिरा पोचल्या. बागवाल्याने सांगितलं, यंदा शेवटची संधी, वेळेवर आणि धडधाकट आल्या नाहीत तर पुढच्या वर्षापासून दुसऱ्याला बोलावीन.

“उंचीचं झालं,” ती म्हणाली. “आता धक्क्यांचं बघा. आत पोळी असतात मेणाची, मधाने जड झालेली. जोरात आपटली की पोळं तुटतं, आणि माश्या आपल्याच मधात बुडून मरतात. माझ्या पेट्यांना धक्का बसणार नाही ना?”

मी तिला म्हणालो, “वहिनी, काळजी करू नका.” हे मी बोललो होतो. विसरलेलो नाही.

तेवढ्यात खात्री गोदामातून आला आणि बायको माझ्याशी बोलतेय हे बघून त्याचा चेहरा पडला. “काय सांगितलंस यांना? गाडीत काय असतं, कुठे नेतो, सगळं सांगितलंस?” आणि मला म्हणाला, “ही माहिती बाहेर गेली तर मला कळेल.” जसा काही मी दुसऱ्या दिवशी दुकान विकून माश्या पाळणार होतो.

गाडी मात्र त्याने आणलीच नाही. मी तीनदा म्हणालो, आणा. जितक्यांदा म्हणालो तितका त्याचा संशय घट्ट झाला. मला फुकट माप घ्यायची एवढी घाई का? खाली शिरून मी काय सैल करून ठेवणार?

चौथी खेप दोरीची. शनिवार होता, दुकानात गर्दी होती. दोन टेम्पोवाले, एक दुसराच गॅरेजवाला, शिवाय वडील त्यांच्या खुर्चीत. खात्रीने खिशाची पिन काढली आणि डायरीऐवजी सुतळीचा तुकडा काढला. दोन्ही टोकांना गाठी.

“घ्या तुमचं माप. रविवारी स्वतः जॅक लावला, चेसिस उचलली, चाक लटकवलं, स्वतः मोजलं. बायकोलासुद्धा हात लावू दिला नाही.”

“आणि बाकीची दोन?”

“एका वस्तूची लांबी एकच असते, मालक. तीन मापं तुम्हाला घोळ घालायला लागतात. या दोरीला पुरून वर दोन बोटं उरेल असा द्या. एकदा आखूड पडून तुटलाय.”

मी सुतळी काउंटरवर पसरली. तिथे मापाची पितळी पट्टी ठोकलेली आहे. बघितलं आणि कळलं. रिकाम्या गाडीचं, लटकत्या चाकाचं माप, वर दोन बोटं. तेवढा लांब शॉकअप मिटल्यावरसुद्धा लांबच राहणार. चाळीस पेट्या भरून गाडी खाली बसली आणि एक दगड चाकाखाली आला, की संपलं. रबरी ठोकळा कामाला यायच्या आत शॉकअप काठीसारखा ताठ होणार आणि प्रत्येक दगड थेट पेट्यांना लागणार. हे कळायला मला पाच सेकंद लागले. सांगायला दहा लागले असते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो काउंटरवरच्या खोक्याचं लेबल नखाने खरवडायला लागला.

“काय करताय?”

“खाली दुसरं लेबल आहे का बघतोय. जुना माल नव्या खोक्यात घालतात लोक.”

टेम्पोवाले वळून बघायला लागले. लेबल अर्धं फाटलं. खाली काही नव्हतं, नुसता पुठ्ठा. तरी त्याचं समाधान झालं नाही. तो दाराकडे वळला आणि माझ्या वडिलांना, माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर विचारता झाला, “काका, तुमचा मुलगा घरी तरी खरं बोलतो का?”

वडिलांचा स्वभाव थट्टेचा. ते भिंग खाली न ठेवता म्हणाले, “घरी त्याला बोलू देतं कोण, खोटं बोलायला?”

सगळे हसले. गॅरेजवाला तर गुडघ्यावर थाप मारून हसला. माझ्या कानशिलात आग झाली. मी चाळीस वर्षांचा माणूस, आणि त्या हशात मला दहावीत नापास झाल्यासारखं वाटलं. मी मूग गिळून मागे गेलो, त्याने मागितलेला, त्याच्या दोरीला पुरून वर उरणारा, सगळ्यात लांब शॉकअपचा संच काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“हाच?” तो म्हणाला.

“तुमच्या मापाचा हाच. पण एक सांगून ठेवतो, हा माल परत घेतला जाणार नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि पहिल्यांदाच हसला. एवढंसं. मग या खोक्याचं लेबल न खरवडताच ते घेऊन गेला. त्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? जेवताना मी मनातल्या मनात त्याला म्हणत होतो, घे, खात्री करून घे.

रात्री मात्र ती बाई आठवली. सकाळी समोरच्याचं शटर माझ्या आधी वर गेलं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्याकडे खात्रीचा फोन असेल असं वाटून मी एकदा रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलो. समोरच्याला विचारायचं म्हणजे कारण सांगावं लागणार. अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो.

अकराव्या दिवशी उंच पिकअप माझ्या दुकानासमोर उभी राहिली. मागे रिकामी. हौद्यात चिकट डाग आणि त्यावर माश्यांचे पंख चिकटलेले. दोघंही उतरली. त्याने दोन शॉकअप काउंटरवर ठेवले. एकाचा दांडा वाकलेला, दुसऱ्याची वरची टोपी फुटलेली. बाई आत आली पण बसली नाही.

“एकोणीस पेट्या गेल्या,” ती म्हणाली. “ओढ्यातच. पेट्या उघडल्या तर आतून मधच बाहेर आला. बाबांच्या पहिल्या बारातल्या सात होत्या.”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वडिलांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

खात्री बोलायला लागला. त्याने सगळा तपास केला होता. गॅरेजवाल्याने ठोकळे हलके घातले असणार. टायरवाल्याने हवा जास्त भरली असणार. बागवाल्याने मुद्दाम ओढ्यात मोठे गोटे टाकले असणार, पेट्यांचा भाव पाडायला. एकेकाचं नाव घेऊन तो एकेक बोट दुमडत होता. मी वाट बघत होतो की आता माझं बोट येईल. ते आलंच नाही.

“तुमच्यावर मात्र मी शंका घेतली नाही,” तो म्हणाला. “फसवणारा माणूस गोड बोलतो, आवडलं नाही तर आणून द्या म्हणतो. तुम्ही तोंडावर सांगितलंत, परत घेणार नाही. तेव्हाच मी हिला म्हणालो, बावीस वर्षांत एक सरळ माणूस भेटला. म्हणून तुमच्याकडे आलोय. आता तुम्हीच सांगा, यातला चोर कोण?”

सांगायला त्याने माझ्यासाठी किती नावं तयार ठेवली होती! गॅरेजवाला म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याने ते डायरीत लिहून घेतलं असतं.

“मी,” मी म्हणालो. “दोरी बघितली तेव्हाच मला कळलं होतं. हा शॉकअप लांब होता. मी बोललो नाही.”

त्याला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला, “नाही, नाही. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय.”

“ते खरं बोलतायत, अहो,” बाई म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं ती रागावेल, निदान रडेल. ती नुसती बघत होती, जशी पेटी उघडून आत बघत असेल तशी.

“का?” खात्रीने विचारलं.

काय सांगणार? “तुम्ही माझ्या वडिलांना तो प्रश्न विचारलात म्हणून.”

“तेवढ्यासाठी?”

“तेवढ्यासाठी.”

वडील खुर्चीतून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ते मला एकोणीस पेट्यांपेक्षा जास्त लागलं, हे कबूल करायला लाज वाटते. पैसे परत देतो म्हणालो. पेट्यांचंही काय ते बोलू म्हणालो. खात्रीने हात हलवला, जशी माशी वारावी.

“एकवीस पेट्या अजून बागेत आहेत,” तो म्हणाला. “फुलोरा संपला की उचलून दुसरीकडे न्यायच्यात. ओढा तोच आहे. माप घ्या.”

आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. जमिनीवर पोतं अंथरलं होतं, त्यावर खांद्याला खांदा लावून पडलो. चाक लटकवून माप घेतलं. गाडी टेकवून घेतलं. मग गोदामातले जुने पाटे हौद्यात भरून भरलेल्या गाडीचं घेतलं, आणि शेवटी एका चाकाखाली जॅक लावून ते रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर नेलं आणि तेही घेतलं. प्रत्येक वेळी मी आकडा बोलायचो, मग तो माझ्या हातातून टेप घेऊन स्वतः बघायचा, आणि मग बाहेर उभ्या असलेल्या बायकोला ओरडून सांगायचा. ती डायरीत लिहायची. त्याचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. मी त्याला सांगितलं, उघडा इतका हवा, मिटलेला इतक्याच्या आत हवा, एक बोट अंतर ठेवून, आणि फार कडक घेऊ नका, पेट्या दगडांइतक्या जड नसतात. तो प्रत्येक वाक्य परत म्हणत होता.

बाहेर आल्यावर त्याने अंगावरची धूळ झटकली, डायरी घेतली, खिशात घालून पिन लावली. मी मागे जाऊन त्या मापाचा संच काढून आणला. काउंटरवर ठेवला तोवर तो रस्ता ओलांडत होता. बाई गाडीला टेकून उभी होती. काचेतून मला समोरच्याच्या दुकानात खात्री दिसत होता. समोरचा हसत होता, मान डोलावत होता, खोक्यामागून खोकी काढत होता.

मला राग यायला हवा होता. आला नाही.

वीस मिनिटांनी तो परत आला. हातात समोरच्याचं नवं खोकं. दुकानात शिरला, माझ्या संचाशेजारी ते ठेवलं आणि उघडलं.

“हा बरोबर आहे का?” त्याने विचारलं.

मी शॉकअप बाहेर काढला. पितळी पट्टीवर उघडून मोजला, दाबून मिटवून मोजला. बुश बघितले, कडी बघितली. कुठेही नाव ठेवायला जागा नव्हती. खरं सांगायचं तर मी काढला होता त्यापेक्षा थोडा मऊ, पेट्यांना जास्त योग्य.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “हाच घाला.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. एरवी बघायचा तसा डोळे बारीक करून नाही, उघड्या डोळ्यांनी, जसं काही माझ्या चेहऱ्यावर कुठेतरी वजन लिहिलेलं होतं. मी खरं बोलत होतो. खरं बोलणाऱ्याचा चेहरा कसा असतो ते आठवायचा मी प्रयत्न केला. ओठ हलवले, डोळे त्याच्यावर ठेवले, मग वाटलं फारच ठेवलेत, म्हणून खाली घातले, आणि त्याच क्षणी कळलं की खाली घालायला नको होते.

“काय म्हणतेस?” त्याने मागे वळून बायकोला विचारलं. ती दारात आली होती.

तिने माझ्याकडे बघितलं, त्या खोक्याकडे बघितलं.

“मला आता कळत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच ठरवा.”

खात्री काउंटरवर दोन्ही हात टेकून उभाच राहिला.